रेडिओ गरम होईपर्यंत

रांग बघून माघारी फिरायचं, एवढाच काय तो निर्णय उद्यारावांनी घेतला होता. (खरं नाव निराळं, पण पाणीपुरवठा कचेरीत कुणी कुठलीही फाईल मागितली की हे 'उद्या' म्हणायचे, म्हणून उद्याराव.) त्या काळी घरात रेडिओ वाजवायचा तर दर वर्षी पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे. उद्याराव गेले, रांग पाहिली, समोरच्या हॉटेलात निवांत चहा घेतला आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "काढलं बरं का!" या गोष्टीला आता बरेच महिने झाले होते.

आणि आज रविवारी सकाळी इस्त्रीवाला दारात उभा राहून सांगतो काय, "वरच्या मजल्यावर नवे साहेब आलेत ना, त्यांचे कपडे द्यायला चाललोय. भारी कडक माणूस. रेडिओचं लायसन्स तपासतात. मागच्या गल्लीतले रेडिओ त्यांनीच हातगाडीवर घालून नेले."

डोक्यावर साहेब, आणि आत खोलीत रेडिओवर व्हायोलिन दणदणीत चाललेलं! दणदणीत, कारण आई कानाने अधू. उद्यारावांनी धावत जाऊन बटण पिळलं.

"बंद का केलंत?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"डोकं दुखतंय."

"मग लावा की. आता डॉक्टरांचं भाषणच आहे."

रेडिओ गेला असता तर उद्यारावांनी एक वेळ सोसलं असतं. पण रेडिओ का गेला हे बायकोला कळणार, आपण तिच्या तोंडावर धडधडीत खोटं बोललो हे उघड होणार, हे मात्र सोसवणारं नव्हतं. बाई भांडणारी नव्हती, तेच तर वाईट! ती नुसती बघायची.

डॉक्टरांचं भाषण त्यांनी रेडिओवर रजई घालून ऐकवलं. "थंडी वाजते का त्याला?" आईने विचारलं. दुपारी महिलांच्या कार्यक्रमात स्वेटरची वीण सांगत होते. आवाज वर जाऊ नये म्हणून उद्याराव सारखे खोकत राहिले. परिणामी बायकोच्या स्वेटरला एक बाही जास्त होण्याची चिन्हं दिसू लागली. मग शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. आईने उभ्या जन्मात साधी कुंडी लावली नव्हती, पण बी-बियाण्यांची माहिती ती जिवाचा कान करून ऐकायची. छतावर पावलं वाजली की उद्यारावांचा जीव वरखाली व्हायचा. पावलं खिडकीकडे गेली, म्हणजे कान देतोय. थांबली, म्हणजे लिहून घेतोय!

"घाम का आलाय एवढा?" बायको म्हणाली.

"उकडतंय."

"रजई काढा रेडिओवरची. त्यालाही उकडत असेल."

संध्याकाळी नाटक होतं, खुनाचं. आईने आधीच बजावलं होतं, "आज एक शब्द चुकवणार नाही." नाटक सुरू झालं आणि म्हातारीने बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. पहिल्याच किंकाळीला वर खुर्ची सरकली. उद्याराव बोळात धावले, स्टुलावर चढले आणि त्यांनी फ्यूजच उपटून खिशात टाकला.

काळोख झाला. शांतताही झाली. उद्याराव सुटकेचा श्वास घेणार, तोच जिन्यावर टॉर्चचा उजेड दिसला. वरचा-खालचा फ्यूज एकच आहे, हे उद्यारावांच्या डोक्यातच आलं नव्हतं!

"वरचेही दिवे गेले," साहेब दारातून म्हणाले. "फ्यूज कुठे असतो हो?"

"इथेच... इथेच पडला होता," म्हणत उद्यारावांनी तो खिशातून काढून बसवला. दिवे आले. कोपऱ्यात रेडिओची हिरवी पट्टीही उजळली.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ. आवाज यायच्या आधी जरा गरम व्हावा लागतो. तेवढ्यात साहेबांना बाहेर काढलं तर निभावलं! उद्याराव रेडिओला पाठ लावून उभे राहिले.

"बरंय साहेब, या आता. जपून चढा, जिन्यावर अंधार आहे."

"दिवे आलेत ना?"

"हो, पण... पुन्हा जातील."

तेवढ्यात त्यांच्या पाठीतूनच जणू आवाज गरजला, "खुनी याच खोलीत आहे!"

उद्याराव मटकन खालीच बसले.

"अरे वा, नाटक!" साहेब म्हणाले, आणि बायकोने पुढे केलेल्या खुर्चीवर चक्क बसले. नाटक संपेपर्यंत हलले नाहीत. रेडिओतला फौजदार एकेक प्रश्न विचारत होता आणि उत्तरं द्यायला उद्यारावांचे ओठ हलत होते.

नाटक संपलं. साहेबांनी घसा खाकरला. "एक विचारायचं होतं. लायसन्स..."

"नाही काढलं!" उद्यारावांनी हातच जोडले. "रांग मोठी होती हो! चहा पिऊन परत आलो आणि हिला खोटं सांगितलं. रेडिओ न्या, मला न्या, पण हिला सांगू नका!"

ती समोरच उभी होती.

"अहो, वाक्य तर पुरं करू द्या," साहेब गोंधळून म्हणाले. "लायसन्स काढायला वहिनी आल्या होत्या तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर मीच होतो, तपासणीवर नंतर गेलो, म्हणून ओळख निघाली. आमचा रेडिओ अजून गावाहून यायचाय. तोवर नाटकाला इथे आलो तर चालेल का, एवढंच विचारत होतो."

उद्यारावांनी बायकोकडे पाहिलं. "तू काढलंस? कधी?"

"तुम्ही 'काढलं' म्हणालात ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"आणि आज मी दिवसभर..."

"इस्त्रीवाल्याचं बोलणं मीही ऐकलं. म्हटलं आता तरी खरं सांगाल. दिवसभर रेडिओ कसला ऐकतेय, तुमचाच कार्यक्रम ऐकत होते."

साहेब उठले. दारात जरा थबकले. "लायसन्स नसल्याचा दंड असतो, तो तुम्हाला लागू नाही. बायकोला खोटं सांगितल्याचा आमच्या खात्यात नाही. तो तुम्हाला घरीच भरावा लागेल."

साहेब गेले. बायकोने शांतपणे दाराला कडी लावली आणि नुसतं बघितलं. उद्याराव भिंतीला टेकले.

"घाबरू नका," ती म्हणाली. "हप्त्याहप्त्याने घेईन."