बिल्ल्यावरचं स्वस्तिक

जपानी माणसानं खरी गाडी एकदाच बनवली, ती आपल्या दारात उभी आहे, आणि तिच्या पुढच्या पाच पिढ्या नुसत्या आजीच्या नावावर जेवतायत, असं वैजनाथचं ठाम मत होतं. बेंबळीच्या शाळेतल्या या क्लार्कनं ती पंचवीस वर्षांची सेडान लेकरांच्या नाकापेक्षा जास्त वेळा पुसली होती.

आणि मेहुणा रणधीर धाराशिवहून त्याच नावाची, सहाव्या पिढीची कोरी गाडी घेऊन दारात आला. दैवशालानं भावाची गाडी पाहिली, नवऱ्याची पाहिली.

"उद्या दोघं धाराशिवपर्यंत चालवा. आपली मागं राहिली, तर रविवारी भूमचं गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू."

"आन पुढं गेली तर?"

"तर पुन्हा तिच्याबद्दल शब्द काढायची न्हाय."

तेव्हापासून वैजनाथ एका जागी बसेना. बॉनेट उघड, बॉनेट लाव. आपल्या गाडीचा काटा सहा हजारांवर गेला की पाठ सीटला चिकटते, हे त्याला पाठ होतं. पण नवीचं काय? ते रणधीरनंच फुशारकीत सांगितलं.

"दाजी, या नाकावरच्या कंपनीच्या बिल्ल्यामागं गाडीचा डोळा हाय. समोरचं सगळं दिसतं तिला. तिथं चिखलसुदिक बसू द्यायचा न्हाय म्हणलेत."

वैजनाथनं मनातल्या मनात हिशोब जुळवला. डोळा झाकला की गाडी आंधळी, आणि आंधळं जागचं हलत नसतं.

सकाळी रणधीरबरोबर आलेल्या सासूबाई म्हाळसाबाई पूजेचं ताट घेऊन नव्या गाडीपाशी आल्या. स्वस्तिक काढायला बोट बॉनेटकडं गेलं तसा वैजनाथ आडवा आला.

"आत्या, तिथं नको. बिल्ल्यावर काढा, नेमकं मधोमध. जाड काढा. आन वरनं हार सोडा."

"जावईबापूंना लई कळतं," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि अर्धी वाटी ओलं कुंकू तिथं थापलं.

नवी गाडी सुरू होताच टुणटुणली. आत पिवळा दिवा लागला. वैजनाथनं ते समाधानानं ऐकलं आणि शेजारी दैवशालाला घेऊन सुसाट सुटला. मागं नवी, तीत मायलेक. मैलभरातच तो निम्मा वेळ आरशात बघू लागला.

"समोर बघा की."

"थांबली का बघतो."

"का थांबल ती?"

वैजनाथनं परत आरशात पाहिलं.

"अवं, मेंढरं!"

करकचून ब्रेक. गाडी आडवी, इंजिन बंद. समोर गुंडाप्पा धनगर काठी टेकून उभा.

"मास्तर, डोळं घरी ठिवून आलाव का?"

तेवढ्यात उजव्या कडेनं, हार हलवत, नवी गाडी सावकाश पुढं गेली.

धाराशिवच्या चौकात रणधीरचा चहा पिऊन झाला होता.

"दाजी, आईचं स्वस्तिक लई लाभलं. काल येताना शेळी दिसली की गाडी आपणच ब्रेक मारायची, ट्रॅक्टर दिसला की आपणच ब्रेक. बेंबळी गाठायला दीड तास. आज गाडीच डोळा बंद म्हणली, आन म्या मोकळा झालो बघा."

दैवशालानं नवऱ्याकडं पाहिलं. "मधोमध काढा, जाड काढा... तुमीच म्हणलाव न्हवं?"

वैजनाथ बिल्ल्याकडं बघत राहिला. म्हाळसाबाईंनी मायेनं पिशवीतली वाटी काढली.

"कुंकू उरलंय, जावईबापू. तुमच्या गाडीलाबी काढू का? भूमच्या माणसाला तेवढीच नवी वाटल."