नीराबाईची पायरी निकाली निघते

तक्रार ही मुळात माणसाच्या छातीत असते, जागेवर नसते. रस्त्यातला खड्डा स्वतः कधी तक्रार करत नाही. तो बिचारा वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. ओरडतो तो माणूस. तेव्हा खड्डा बुजवण्यापेक्षा माणूस शांत करणं स्वस्त, जलद आणि पर्यावरणपूरक आहे, हे सत्य सगळ्यांच्या आधी आमच्या किनारी सुविधा कार्यालयाला उमगलं, याचा साऱ्या रायगडकरांना अभिमान वाटला पाहिजे. (ज्यांना वाटत नाही त्यांनी कार्यालयात यावं. तिथे सोय केलेली आहे.)

कार्यालयाचे प्रमुख कुलदीप साहेब. माणूस मनाने चांगला, पण तक्रारदार दिसला की त्यांना पित्त व्हायचं. मग ते नागावच्या एका होमस्टेमध्ये शनिवार-रविवारचं श्वसन शिबिर करून आले आणि त्यांचं पित्तच गेलं. झोप लागू लागली, भूक लागू लागली. हे सुख आपण एकट्यानेच का भोगावं, असं त्यांना वाटलं. (इतका विचार कोणता साहेब करतो, सांगा बरं.) सोमवारी तक्रारीची खिडकी बंद झाली आणि तिथे 'समाधान कक्ष' उघडला. चटया आल्या, उदबत्ती आली, पितळेच्या घंगाळात पाणी घालून वर जास्वंद सोडली गेली.

त्या कक्षात नीराबाई आली ती पायरीसाठी. तिच्या गावच्या जेट्टीची खालून दुसरी पायरी फुटून सळई वर आली होती. भरतीला ती पाण्याखाली असते, त्यामुळे पाहणीला आलेल्या साहेबांना ती कधीच दिसली नव्हती. (साहेब भरती बघूनच येत. ओहोटीला चिखलाचा वास येतो.) पण ओहोटीला होड्या लागल्या की बायका डोक्यावर मासळीचं टोपलं घेऊन तिथूनच वर चढतात. मे महिन्यात नीराबाईची धाकटी जाऊ काशी तिथेच पडली. हात मोडला आणि टोपलंभर बांगडा जिथून आला तिथे परत गेला. सध्या मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. पण नारळी पौर्णिमा झाली की काशी पुन्हा टोपलं घेऊन त्याच पायरीवर जाणार. प्लास्टर निघो नाहीतर न निघो, ती कुणाचं ऐकणारी नव्हे. नीराबाईच्या डोळ्यांसमोर रोज तेच यायचं आणि तिचा जीव धसकायचा.

"सायेब, पुनवेच्या आत पायरी बांधून द्या. दुसरं काय बी मागनं न्हाय."

"बसा मावशी," साहेब म्हणाले. "आधी श्वास घ्या."

"तो चालूच हाय की."

पण पद्धत म्हणजे पद्धत. चपला बाहेर काढायच्या, मांडी घालायची, डोळे मिटायचे. कारकून शिवानी मॅडम गोड आवाजात सांगत: चार मोजेपर्यंत आत घ्या, रोखा, आता सावकाश सोडा. असं थोडा वेळ झालं की त्या विचारत, "आता कसं वाटतंय?" उत्तर 'बरं' आलं की तक्रार निकाली. 'वाईट' आलं की पुन्हा पहिल्यापासून.

आता घोळ असा, की नीराबाईच्या घरात 'वाईट' म्हणायची रीतच नव्हती. घरचे पुरुष दर्यावर असताना बाईने वंगाळ बोलू नये, दर्या ऐकत असतो, असं तिच्या सासूने, सोनूबाईने तिला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. होड्या वर ओढल्या म्हणून जीभ थोडीच बदलते? ताप असो, घर गळत असो, विचारलं की उत्तर एकच. मॅडमनी विचारलं आणि नीराबाई बोलून गेली, "बरं हाय गो बाय."

तक्रार निकाली निघाली.

दुसऱ्या खेपेला ती रिक्षात 'वाईट, वाईट' असं घोकत आली. शेजारची बाई सरकून बसली. पण कक्षात पुन्हा तेच, "बरं हाय." स्वतःच्या जिभेचा तिला असा संताप आला की विचारू नका. आणि खरी पंचाईत म्हणजे तिला बरं वाटत होतंच! खांदे सैल पडले, कपाळावरच्या आठ्या उतरल्या, त्या दुपारी तर तिला कधी नव्हे ती झोप लागली. व्यायाम अस्सल गुणाचा आहे, त्याची चेष्टा कुणी करू नये. पायरी तेवढी होती तशीच होती.

कार्यालयाचे आकडे मात्र डोळे दिपवणारे. निकाली तक्रारी, शंभर टक्के. दुरुस्तीवरचा खर्च, शून्य. (एक आजोबा बसल्या जागी घोरू लागले, त्यांची नोंद 'अतिसमाधानी' अशी झाली.)

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा नीराबाई तिसऱ्यांदा चटईवर बसली. या वेळी ती काही घोकत नव्हती. तिने श्वास आत घेतला. मॅडम म्हणाल्या, "रोखा." तिने रोखला. मॅडम म्हणाल्या, "आता सोडा." तिने सोडला नाही.

कुलदीप साहेबांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. लहानपणी होडीचा नांगर खडकात अडकला की तो सोडवायला बाप जिला बुडी मारायला पाठवायचा ती हीच पोर.

"मावशी, सोडा ना," मॅडमचा गोड आवाज पातळ झाला. नीराबाईने डोळे उघडले, साहेबांकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. श्वास सोडल्याशिवाय सत्र संपत नाही आणि सत्र संपल्याशिवाय तक्रार निकाली निघत नाही. नियम साहेबांचाच होता. तिचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. समाधान कक्षात बाई गेली तर त्याचा अहवाल कोणत्या रकान्यात लिहायचा, या विचाराने साहेबांचं सगळं पित्त एकदम परत आलं.

"अगं सोड बाई! देतो! पायरीवर काम सुरू करतो, उद्याच!"

नीराबाईने बोटानेच तक्रारीच्या कागदाकडे खूण केली. साहेबांनी सही ठोकली. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला, तो असा की घंगाळातली जास्वंद काठाला लागली.

"आता कसं वाटतंय?" साहेबांनीच घाम पुसत विचारलं.

"बरं हाय," ती म्हणाली. या वेळी मनापासून.

साहेब शब्दाचे पक्के निघाले. दुसऱ्याच दिवशी जेट्टीवर गाडी आली, चार माणसं उतरली आणि फुटक्या पायरीच्या डोक्यावर लोखंडी चौकटीचा जाड पत्र्याचा निळा फलक ठोकून गेली. 'सावधान. उतरण्यापूर्वी दीर्घ श्वास घ्या.'

नीराबाईने तो वाचला. मग खाली सळईकडे पाहिलं. "मेल्यांनो!" एवढंच ती म्हणाली, आणि घरी जाऊन नवऱ्याला, हिरामणला, पहार घेऊन यायला सांगितलं. ओहोटीला दोघांनी फलक उपटला आणि फुटक्या पायरीवर आडवा टाकून दोरखंडाने आवळून बांधला. हिरामणने वर उड्या मारून पाहिलं. हलला नाही.

पौर्णिमेनंतर होड्या लागल्या त्या पहिल्या ओहोटीला काशी टोपलं घेऊन वर चढली, 'दीर्घ श्वास' या अक्षरांवर पाय देऊन. नीराबाई काठावर उभी होती. काशी वर येईपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता, आणि या खेपेला तिला तो रोखायला कुणी सांगितलं नव्हतं.

कार्यालयाने त्या पायरीचा फोटो काढून नेला. 'श्वसनाधारित दुरुस्ती' म्हणून तो आता भिंतीवर टांगला आहे आणि इतर कार्यालयं बघायला येतात. दोरखंड भिजून भिजून किती टिकेल, हे मात्र कुणी विचारत नाही.

वाचता वाचता तुम्हालाही जरा राग आलाच असेल. साहजिक आहे. उद्याच कुणाला तरी खरमरीत पत्र लिहावं, निदान फोन तरी करावा, असंही मनात आलं असेल. थांबा. आधी डोळे मिटा. चार मोजेपर्यंत श्वास आत घ्या. रोखा. आता सावकाश सोडा.

कसं वाटतंय?

छान. निकाली.