नमुन्याची धास्ती

धसईच्या बाजारात लडकूच्या कानावर ती बातमी पडली, आणि विकायला नेलेला तांदूळ तसाच पाठीवर मारून तो घरी आला. कोंबडीच्या अंगचा इवलासा तुकडा काढून कारखान्यातल्या टाकीत म्हणे मणभर मटण वाढवतात! सरकार त्यावर नियम करतंय, आणि सरकारी साहेब गावोगाव गावठी कोंबड्या बघत फिरतोय. लडकूने आपल्यापुरता अर्थ काढला, साहेब नमुना न्यायला येतोय. आणि नमुना न्यावा असा कोंबडा अख्ख्या गावात एकच, त्याचा तांबडा. त्याच्या पिल्लांसाठी मुरबाडहून गिऱ्हाईक यायचं. उद्या असले हजार तांबडे टाकीतून निघाले तर लडकूला कोण विचारतो?

"सायेब काय म्हणतो ते तरी आयका," त्याची बायको बायजा म्हणाली. पण लडकूने ऐकलं नाही. सकाळी जीप दिसताच त्याने सगळी कोंबडी डालग्यात कोंबून शेजारच्या धोंडूबाईकडे पोचवली आणि विचारलं तर तुझीच म्हण, असं बजावलं.

साहेबाने रिकामं खुराडं पाहिलं. आमी कोंबडी पाळतच नाय, कवाच पाळली नाय, लडकूने शपथेवर सांगितलं. साहेब हळहळला. कारखान्यातलं मटण विकायचं तर पाकिटावर तसं छापावं लागणार होतं, आणि पिढीजात गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना सरकार मदत देणार होतं. त्यांचीच नावं नोंदवत तो फिरत होता. नमुन्याचं त्याने नावही काढलं नाही.

शपथ मागे घ्यावी कशी, या विचारात लडकू असतानाच साहेब शेजारच्या अंगणात पोचला. धोंडूबाई दिल्या शब्दाला जागली. सगळी कोंबडी माझीच, म्हणाली. मदतीसाठी तिचं नाव नोंदलं गेलं.

आता एवढा मोठा पाहुणा दारातून उपाशी कसा जाऊ द्यायचा? धोंडूबाईच्या स्वतःच्या दोन्ही कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. गाव फिरून साहेब परत आला तेव्हा रस्सा तयार होता. शेजारधर्म म्हणून तिने लडकूलाही पंगतीला बसवलं.

साहेबाने भुरका मारला. "वा! ही चव काही टाकीत वाढायची नाही. काय हो, अस्सल गावठी ना?"

लडकूने हातातला घास ताटात ठेवला.

"अस्सलच सायेब," तो म्हणाला. "अंड्यातनं निघाला तवापासून वळखतो मी त्याला."