काम वैयक्तिक आहे

"काका घरात नाहीत? मग नाही सांगता येणार, काकू. काम वैयक्तिक आहे. फक्त त्यांच्याशीच बोलेन."

फोन बंद झाला आणि सिस्टरांची खात्रीच झाली: नवऱ्याने गुपचूप तपासणी करून घेतलीय आणि हा फोन इस्पितळाचा आहे. इस्पितळात तीस वर्षं काढलेली बाई! रिपोर्ट चांगला असला की कुणालाही सांगतात, वाईट असला की असाच आवाज काढतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि नवरा बिचारा मोबाइल घरी विसरून दुकानात घड्याळं दुरुस्त करत बसलेला.

खरं सांगायचं तर फोन कर्जवसुलीवाल्या मुलीचा होता. घड्याळजींचे दोन हप्ते थकले होते. पण कर्जदारालाही हक्क असतात, त्याच्या कर्जाबद्दल घरच्यांपाशी किंवा शेजाऱ्यांपाशी बोलायला वसुलीवाल्यांना बंदी असते, हे त्यांनी डोळ्याला भिंग लावून वाचलं होतं. वर कंपनीला ठणकावून पत्रही लिहिलं होतं, 'माझ्या बायकोला एक अक्षर कळता कामा नये.'

कारण कर्ज वॉशिंग मशीनचं होतं. धुणं पिळून सिस्टरांची मनगटं सुजायची, आणि मशीनचं नाव काढलं की त्या म्हणायच्या, "नसती उधळपट्टी!" शेवटी घड्याळजींनी थाप ठोकली, "अगं, बाजारातल्या दुकानदारांच्या सोडतीत बक्षीस लागलं!" जन्मात पहिल्यांदा काही लागलं म्हणून सिस्टरांनी अख्ख्या बिल्डिंगला मशीन दाखवलं. समोरच्या शेजारणीला तर दोनदा. आता त्या आनंदावर विरजण कोण घालणार?

त्या संध्याकाळी घड्याळजींच्या पानात बिनमिठाची भाजी आली.

"मीठ राहिलं वाटतं."

"राहू दे. तुम्ही बोलू नका, दमाल."

घड्याळजींनी घास खाली ठेवला. हिला कळलं! भांडली असती तर परवडलं असतं, पण ही तर पाय चेपायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना दुकानात जाऊ दिलं नाही. दर तासाला नाडी बघितली. अपराधी मनाने घड्याळजींची नाडी धाडधाड उडायची, आणि ती मोजून सिस्टर स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती मुलगी फाइल घेऊन दारात आली. सिस्टरांनी तिला हात धरून आत बसवलं.

"हे बघ बाळ, मीही नोकरीत हेच केलंय. माझ्यापासून लपवू नकोस. कुठवर पोचलंय?"

"काकू, खरंच नाही सांगता येत. आम्हाला नियम आहे."

"चाळीस वर्षांचा संसार आहे गं! हे गेले तर मी बोलू कुणाशी?" सिस्टरांना हुंदका आवरेना. मुलगी घाबरली, फाइल छातीशी धरून तीही रडायला लागली.

आतून घड्याळजी लुंगी सावरत धावत आले. "अगं, मी कुठेही जात नाहीये! हप्ते थकलेत, हप्ते!"

"कसले?"

घड्याळजींनी न्हाणीघराकडे बोट केलं. आत मशीन घरघरत होतं.

"म्हणजे बक्षीस…"

"लागलं नव्हतं."

सिस्टरांनी नवऱ्याची नाडी पुन्हा एकदा धरली. या वेळी मोजली नाही, नुसती धरून ठेवली. "खोटारडे कुठले," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या. मग कपाटातून आपल्या पेन्शनचं पाकीट आणून त्यांनी मुलीपुढे ठेवलं. मुलीने हप्त्यांची रीतसर पावती फाडली.

एवढ्यात दारावर टकटक झाली. समोरची शेजारीण! रडारड ऐकून न येईल तर शप्पथ.

"काय झालं हो सिस्टर? ही मुलगी कोण?"

घड्याळजींनी डोळे मिटून घेतले. मुलीने फाइल पाठीमागे लपवली.

सिस्टरांनी पदराने डोळे टिपले, पावती ब्लाउजात सरकवली आणि दार अर्धं लोटत म्हणाल्या, "नाही सांगता येणार. काम वैयक्तिक आहे."