होस्ट्यासाठी लागलेली लू

या मे महिन्यात मला लू लागली आणि अख्ख्या गल्लीनं मला वाचवलं. असं काही झालेलं नाही. आता खरं सांगतो.

वसंतामामांनी दार्जिलिंगहून होस्टा आणला. तळहाताएवढं झाड, पाच हिरवी पानं, प्रत्येकाच्या कडेनं कोणी बोटानं चुना ओढावा तशी पांढरी किनार. त्याला सावली लागते. नागपुरात सावलीतली बाग करणं सोपं आहे. सावली शोधायची आणि तिथे आधी बसलेल्याला उठवायचं. आमच्या परसात सावली एकच, कडुलिंबाखाली, आणि तिथे बाबांची स्कूटर बसली होती.

"जगवून दाखवतो," मी म्हणालो.

"मेलं तर जागा स्कूटरले परत," बाबा म्हणाले. "अन् रोज पुसशील तू."

मे लागला आणि तीन पानं पापडासारखी झाली. मी झाडाभोवती वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि आत आडवा पडून पाणी शिंपडू लागलो. शेजारच्या रुखमाबाईंना भिंतीवरून फक्त ताट्या आणि माझे पाय दिसले.

"काहून वं लतिका, पोरगं असं काहून पडून राहिलं?"

आई माझ्यावर वैतागलेली. "त्याचं मले काही विचारूच नका, मावशी."

अर्ध्या तासात तांब्याभर पन्हं आलं. रुखमाबाई माझ्या तळपायांना कांदा चोळू लागल्या.

"अहो आजी, मी ठीक आहे, हे झाडासाठी..."

"बरळून राहिला वं! उन्हाची लू लागली याले!"

त्यांचे यजमान वामनराव घरचा कूलर ओढत आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर काढली. गार वारा सुटला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात होस्ट्याकडे लक्ष गेलं. मधोमध नवं पान, विडीसारखं गुंडाळलेलं.

मी डोळे मिटून कण्हलो.

संध्याकाळी बाबा ताटीआड आले. "हे नाटक किती दिवस गा?"

"मी बरा झालो की कूलर जाईल. कूलर गेला की झाड जाईल. मग जागा तुमची."

बाबांनी वाऱ्यात उभं राहून बराच विचार केला.

"सरक तिकडं," ते म्हणाले. "मलेही सकाळपासून चक्कर येऊन राहिली."

दुसऱ्या दिवशी आई लाटायच्या पापडांसकट ताटीआड येऊन आजारी पडली. वामनराव आमची सेवा करायला स्वतःची खाट घेऊनच आले. स्कूटर उन्हात आहे. होस्ट्याला आता सहा पानं आहेत.

तरी सदर रुग्णास जुलैअखेरपर्यंत बरे होण्यापासून सूट मिळावी व सोबतच्या रुग्णांसाठी जादा सावली मंजूर व्हावी, ही समस्त गल्लीस नम्र विनंती.