मोठ्या साहेबांचा पहिला दात

"आमच्या मोठ्या साहेबांना पहिला दात आला" असं गुलाबी क्रीमने लिहिलेला दोन किलोचा केक शनिवारी सकाळी सासूबाईंच्या दुकानाच्या काउंटरवर परत आला, तेव्हा त्यांचा इंजिनिअर जावई नेमका तिथेच उभा राहून चहा पीत होता. केक घेऊन आलेल्या हेडक्लार्कचा चेहरा त्या क्रीमपेक्षाही गुलाबी झाला होता.

"बाई, आमचे साहेब काल रिटायर झाले," तो सासूबाईंना म्हणाला. "साठीचे आहेत. त्यांच्या तोंडात वर सहा आणि खाली चार, एवढेच उरलेत. केक उघडल्यावर अख्ख्या ऑफिसने ते मोजले. साहेबांनी भाषणच केलं नाही."

सासूबाई काही बोलायच्या आतच दुसरा केक आला. तो एका आजीबाईंच्या हातात होता आणि आजीबाईंच्या मागे कडेवर एक बाळ घेतलेली सून होती. केकवर लिहिलं होतं, "आमच्या लाडक्या छकुलीला सुखाची निवृत्ती लाभो."

"अहो, पोरगी अजून नीट रांगत नाही," आजीबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही तिला घरी बसवताय होय?"

छकुलीने आपला एकुलता एक दात दाखवून हसून घेतलं. बाकी कोणी हसलं नाही. सासूबाईंनी दोन्ही गिऱ्हाइकांची हात जोडून माफी मागितली, दोघांना नवे केक कबूल केले, आणि मग सावकाश मान वळवून इंजिनिअरकडे पाहिलं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

सासूबाईंचं केकचं दुकान बावीस वर्षांचं. बावीस वर्षं ऑर्डर कागदाच्या चिठ्ठीवर लिहून घ्यायची आणि चिठ्ठी भिंतीतल्या खिळ्याला टोचायची, हीच तिथली पद्धत. दोन महिन्यांपूर्वी धाकट्या जावयाने, म्हणजे या इंजिनिअरने, मोठ्या उत्साहाने खिळा उपटला आणि दुकानाला वेबसाइट करून दिली. गिऱ्हाइकाने घरबसल्या मजकूर टाइप करायचा की दुकानातल्या छपाईच्या मशीनमधून चिठ्ठी बाहेर. आता, सर्व्हरवर जो तयार प्रोग्राम चालतो त्याला केकच्या मापात मजकुराच्या दोन सारख्या ओळी पाडता येत नव्हत्या. म्हणून याने त्या सर्व्हरला जोडायचा एक तुकडा, एक एक्स्टेन्शन, स्वतः लिहिलं. ते लिहून झाल्यावर त्याने बायकोला दोनदा आणि आरशाला एकदा सांगितलं होतं की असं काम शहरात फार कोणाला जमत नाही.

त्याला एवढा उत्साह असण्याचं कारण होतं. थोरला जावई गळके नळ दुरुस्त करतो, म्हणून सासूबाई त्याला प्रेमाने "जावईबापू" म्हणत. धाकट्याने पहिल्याच वर्षी त्यांचं मिक्सर सुधारायला घेतलं आणि कायमचं झोपवलं, तेव्हापासून तो "इंजिनिअरसाहेब" झाला होता. त्या 'साहेब'मध्ये काय भरलेलं आहे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. एकदा तरी त्यांच्या तोंडून "जावईबापू" ऐकायचं, एवढीच त्याची साधी मागणी होती.

"इंजिनिअरसाहेब," सासूबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत हे सरळ झालं नाही, तर मंगळवारी खिळा परत भिंतीत."

"आई, माझ्या कोडमध्ये चूक नाही. काकांनीच काहीतरी..."

आतून नक्षीवाले काका क्रीमचा कोन हातात घेऊन बाहेर आले. केकवरची अक्षरं हेच काढत. एकदा एका गिऱ्हाइकाने "वाढदिवसाच्या शुभेच्छा, जाड्या" असा मजकूर दिला होता आणि काकांनी सभ्यपणा म्हणून "जाड्या"चं "दादा" केलं. त्यावरून गिऱ्हाइकाने असा काही तमाशा केला की सासूबाईंनी नियमच घातला. चिठ्ठीवर जे असेल ते केकवर, एक अक्षर बदलायचं नाही. काकांनी तो नियम इतका मनावर घेतला की त्यांनी वाचणंच सोडून दिलं.

"मी अक्षरं काढतो, वाचत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या काउंटरवर ठेवल्या. चिठ्ठीवरच साहेबांना दात आला होता.

इंजिनिअर घरी जाऊन लॅपटॉपला चिकटला. शनिवार संपेपर्यंत त्याने साहेबांची ऑर्डर पन्नास वेळा दिली, छकुलीची पन्नास वेळा दिली. शंभरच्या शंभर बरोबर. साहेब निवृत्त होत होते, छकुलीला दात येत होता.

"होतच नाहीये," तो वैतागून म्हणाला.

"तू एकटा बसून करतोयस," बायको म्हणाली. "त्या दोघांनी एकाच वेळी दिली असेल ऑर्डर. दुकानात नाही का, दोन गिऱ्हाइकं एकदम बोलायला लागली की आईचाही गोंधळ होतो."

इंजिनिअरने ऑर्डरच्या वेळा काढून पाहिल्या. दोन्ही गुरुवारच्या, अकरा वाजून सात मिनिटांच्या. सर्व्हरच्या माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत एक वाक्य होतं, की तुमचं एक्स्टेन्शन थ्रेड-सेफ आहे याची खात्री करून घ्या. ते त्याने "हो हो" म्हणत उलटलं होतं.

"म्हणजे काय ते?" बायकोने विचारलं.

"सर्व्हरला एकच हात नसतो. आठ-दहा हात असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. प्रत्येक हात एकेक गिऱ्हाईक सांभाळतो, पण सगळे माझाच कोड वापरतात. मी काय केलंय, मजकुराची दुसरी ओळ एका थप्पीवर ठेवतो, पहिली छापतो, मग थप्पीवरची वरची ओळ उचलतो."

"आणि थप्पी किती?"

"एकच," इंजिनिअर बारीक आवाजात म्हणाला.

"म्हणजे एका हाताने साहेबांची निवृत्ती ठेवली, तिच्यावर दुसऱ्याने छकुलीचा दात ठेवला..."

"आणि पहिल्याने वरचा दात उचलला. कळलं, कळलं. पण हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय मला चैन पडायचं नाही."

रविवारी दुपारी दोघं दोन मोबाइल घेऊन समोरासमोर बसले. लॅपटॉपवर गडबड होत नव्हती, म्हणून खऱ्या सर्व्हरवरच करून पाहायचं ठरलं. चाचणीला मजकूर काय घालायचा? इंजिनिअरचं डोकं कालपासून तापलेलंच होतं. त्याने टाइप केलं, "सासूबाईंना यातलं ओ की ठो कळत नाही."

"माझ्या आईबद्दल?" बायकोने डोळे वटारले.

"अगं, नुसती चाचणी आहे. कोण वाचणार आहे?"

"मग मीही लिहिते," असं म्हणून तिने लिहिलं, "आमच्या इंजिनिअरना सगळं कळतं." ते लिहिताना ती ज्या तऱ्हेने हसत होती, त्यावरून ही स्तुती नव्हे हे त्याला समजलं.

"एक, दोन, तीन!" दोघांनी बटण दाबलं. दोन्ही ऑर्डरी बरोबर. पुन्हा एक, दोन, तीन. पुन्हा बरोबर. कधी ती आधी दाबायची, कधी याचा अंगठा घामाने घसरायचा. तिसाव्या खेपेला बायको म्हणाली, "लग्नात आपण एकमेकांकडे इतका वेळ टक लावून पाहिलं नव्हतं." चाळीस खेपा झाल्या. आणि एकेचाळिसाव्या खेपेला स्क्रीनवर दोन ओळी उमटल्या.

"सासूबाईंना यातलं सगळं कळतं."

"आमच्या इंजिनिअरना ओ की ठो कळत नाही."

"झालं! चुकलं! चुकलं!" इंजिनिअर खुर्चीवर चढून ओरडला. स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस बायकोने पहिल्यांदाच पाहिला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. फोनवर सासूबाई होत्या आणि त्यांचा आवाज उत्साहाने ओसंडून वाहत होता.

"अगं, आज गिऱ्हाइकांची नुसती झुंबड उडालीय! मशीन थांबायचं नावच घेईना. मी दोनदा कागद भरला. एवढा चिठ्ठ्यांचा गठ्ठा आलाय, आणि माझा मेला चष्मा घरी राहिलाय. काकांना म्हटलं, बसा करायला."

इंजिनिअर खुर्चीवरून उतरला नाही, पडलाच. खऱ्या सर्व्हरला खरं दुकान जोडलेलं आहे आणि खऱ्या दुकानात खरं मशीन आहे, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. ब्याऐंशी चिठ्ठ्या! त्यातल्या चाळिसांवर सासूबाईंना ओ की ठो कळत नव्हतं, आणि काका एकही अक्षर बदलणार नव्हते.

दुकान घरापासून चार गल्ल्या लांब. इंजिनिअर घरातल्या चपलांवर, त्यातली एक बायकोची, धावत सुटला. दुकानात शिरला तेव्हा काउंटरवर दोन ताजे केक शेजारी शेजारी मांडलेले होते आणि सासूबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या होत्या. त्याने डोळे मिटून घेतले.

"आमच्या इंजिनिअरना ओ की ठो कळत नाही," सासूबाईंनी मोठमोठी अक्षरं लावत वाचलं. "सासूबाईंना यातलं सगळं कळतं." मग त्या वळल्या. "तुम्ही पाठवलेत होय हे? मला वाटलं नव्हतं, इतक्या मोकळ्या मनाने कबूल कराल."

त्याने एक डोळा उघडला. मशीनच्या ट्रेमध्ये शेवटची चिठ्ठी सगळ्यात वर येते आणि काकांनी वरून दोन उचलल्या होत्या. कोडमधल्या ज्या खोडीने त्याची अब्रू घालवली होती, तिनेच ती वाचवली होती.

"हो... म्हणजे... मनात होतं बरेच दिवस," तो धापा टाकत म्हणाला.

आत काका तिसरी चिठ्ठी दिव्यासमोर धरून कोन भरत होते. इंजिनिअरने ती त्यांच्या हातातून हळूच काढून घेतली, "बाकीच्या चुकून आल्यात हं काका," म्हणाला, आणि ऐंशीच्या ऐंशी चिठ्ठ्या शर्टाच्या आत कोंबल्या. घरी जाईपर्यंत त्याचं पोट सुटल्यासारखं दिसत होतं, पण मन अगदी हलकं झालं होतं.

सोमवारी त्याने पहिला उपाय केला. कोडला कडी लावली. एक गिऱ्हाईक आत असेल तोवर दुसऱ्याने बाहेर थांबायचं. कागदावर ते ठीक दिसत होतं. दुपारी सासरेबुवांनी कौतुकाने वेबसाइट उघडली, केकचे फोटो पाहता पाहता आरामखुर्चीत त्यांचा डोळा लागला, आणि कडी आतून लागलेलीच राहिली. दीड तास दुकानात एकही चिठ्ठी आली नाही. गिऱ्हाइकांचे फोनवर फोन, की पान नुसतं गरगर फिरतंय.

"एक म्हातारा झोपला म्हणून अख्खं दुकान बंद?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, थप्पी एक आणि हात दहा म्हटल्यावर दुसरं काय होणार? एकेकाला आपापला वेगळा कागद द्यायला काय धाड भरलीय? बावीस वर्षं मी तेच केलं."

इंजिनिअरने माहितीपुस्तक पुन्हा उघडलं. पुस्तकात बारा पानं खर्च करून नेमकं हेच सांगितलं होतं. प्रत्येक थ्रेडने आपली ओळ आपल्याजवळच ठेवायची, सामायिक असं काही ठेवायचंच नाही. त्याने थप्पी मोडून टाकली. काम फक्त नऊ ओळींचं निघालं. सासूबाईंना थप्पीबद्दल सांगितलं कोणी, हा प्रश्न मात्र गडबडीत त्याला सुचला नाही.

मंगळवारी सकाळी सगळे दुकानात जमले. काउंटरवर खिळा आणि हातोडी तयार होती. सासूबाई म्हणाल्या, "चौघं एकदम दाबू. मी, ही, हे आणि काका. बघू तुमची करामत." त्यांनी वेबसाइटला कधी बोट लावलं नव्हतं, पण आज मोबाइल तोंडासमोर धरून कितीतरी वेळ काहीतरी टाइप करत होत्या.

"एक, दोन, तीन!"

मशीन घरघरलं. इंजिनिअरने पहिली चिठ्ठी उचलली. "आमच्या इंजिनिअरना जमलं एकदाचं." बायकोची, बरोबर. दुसरी, "मला सोमवारी उठवलं कोणी, तेच कळलं नाही." सासऱ्यांची, बरोबर. तिसरी, "मी अक्षरं काढतो, वाचत नाही." काकांची. चौथी चिठ्ठी त्याने मोठ्याने वाचायला घेतली.

"जावईबापू..." त्याने ताठ मानेने सगळ्यांकडे पाहिलं आणि पुढे वाचलं. "जावईबापू, चष्मा पर्समध्येच होता. चाळीसच्या चाळीस वाचल्या."

बायको तोंडाला पदर लावून बिस्किटांच्या बरण्यांमागे गेली. सासूबाईंनी पर्समधून चष्मा काढला, नाकावर चढवला, चिठ्ठी त्याच्या हातातून घेऊन काकांना दिली आणि म्हणाल्या, "दोन किलोचा करा. आणि एक अक्षर बदलायचं नाही."

"पण आई, कोड चालला ना?" इंजिनिअरने केविलवाण्या आवाजात विचारलं.

"चालला की," सासूबाई हातोडी ड्रॉवरमध्ये ठेवत म्हणाल्या. "एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही."