हवालदार आणि पाचवा जिन्नस

हवालदार जगतापांनी आमच्या चाळीतल्या तीन बिऱ्हाडांशी बोलणं सोडलं होतं. तिन्ही वेळा कारण एकच : शेंगदाण्याचं कूट.

सोलापुरात कूट टाळून जगणं सोपं नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीतही कूट. हवालदारांच्या इटालियन पदार्थात मात्र चारच जिन्नस : कणीक, तेल, लसूण, लाल मिरची. मीठ ते मोजत नसत. "मीठ जिन्नस न्हाय, ती अक्कल हाय," म्हणायचे.

दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत लढले. छप्पर उडालेल्या एका घरात एका म्हातारीने त्यांच्यासह पाच शिपायांना हे खाऊ घातलं. पदार्थाचं नाव त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायला भाषा नव्हती. कृती तेवढी त्यांनी पाठ केली. दर रविवारी ते रेशनच्या गव्हाची कणीक घट्ट मळत, पातळ पोळी लाटून सुरीने पट्ट्या कापत आणि त्या मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवत. करडईच्या तेलात मंद आचेवर लसूण, मग मिरची, मग पट्ट्या आणि त्यांचंच वाटीभर पाणी. लसूण लाल झाला की कढई उपडी करून पुन्हा पहिल्यापासून. तयार पदार्थ चाळभर वाटला जाई.

एकदा शेजारच्या बिराजदार मावशी म्हणाल्या, "आमच्या चकोल्याच की हो ह्या! वरण तेवढं विसरलात."

हवालदार ताडकन उठले. "त्या बाईच्या घरात डाळ असती तर तिनं घातली नसती व्हय? होतं तेवढं समदं आमाला दिलं तिनं. त्यात भर घालणार तुमी कोण?"

मावशींनी शांतपणे आपल्या ताटलीत कूट भुरभुरलं. तिसरं बिऱ्हाड ते.

चौथा गुन्हेगार घरातच होता. पारूकाकू कुटाची डबी पदराखाली ठेवत. बायकोशी बोलणं सोडणं शक्य नव्हतं, म्हणून हवालदार ओरडत. झाकण उघडल्याचा आवाज त्यांना जिन्यात ऐकू येई. "पारू! फितुरी!"

त्या उन्हाळ्यात काकूंना टायफॉईड झाला. ताप उतरला, पण भूक परतली नाही. डॉक्टर म्हणाले, आता काहीही द्या, पण पोटात गेलं पाहिजे, अशक्तपणा वाढतोय. मऊ भात तसाच परत आला, पेजही परत आली. हवालदार डॉक्टरवर चिडले, भातावर चिडले, गल्लीतल्या लाउडस्पीकरवर चिडले.

रविवारी पेपरातलं बातमीदारीचं काम आटोपून मी चौकशीला गेलो. दार उघडं होतं. हवालदार खलबत्त्यात भाजलेले दाणे कुटत होते.

मला पाहूनही हात थांबला नाही. "पेपरात छापलंत, तर तुमच्याशी बी बोलणं बंद," ते म्हणाले.

पट्ट्यांवर कूट घालून त्यांनी ताटली काकूंपुढे धरली. काकूंनी एक घास खाल्ला. थांबल्या. मग दुसरा खाल्ला.

"कूट लई कमी हाय," त्या म्हणाल्या.

"कमी? आख्खी इटली गाडली की त्यात!" हवालदार गरजले आणि खलबत्त्याकडे वळले. मूठभर दाणे आत टाकले. आमच्याकडे त्यांची पाठ होती. इटलीतल्या त्या म्हातारीला सांगावं तसं ते पुटपुटले,

"घरात होतं, म्हणून घातलं, बाई."